पेरोव्स्काइट सोलर सेल: कार्यक्षमता २६ टक्क्यांपुढे गेली, पण २५ वर्षं टिकण्याचं गणित सांध्यांवर का अडलंय?

२००९ साली पेरोव्स्काइट सोलर सेलची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. म्हणजे सेलवर पडलेल्या प्रकाशातल्या १०० भाग ऊर्जेपैकी चारही भागांची वीज होत नव्हती. त्यानंतर जेमतेम १५ वर्षांत हाच आकडा २६ टक्क्यांच्या पुढे गेला. सिलिकॉनच्या सेलला एवढा पल्ला गाठायला साठेक वर्षं लागली होती.

तरीही आज कुठल्याही गच्चीवर नजर टाकली, तर तिथे सिलिकॉनचेच पॅनल दिसतात. कारण घरावर पॅनल बसवणारा माणूस कार्यक्षमतेच्या आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारतो, तो म्हणजे "हे टिकणार किती वर्षं?" सिलिकॉनचे पॅनल बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे २५ वर्षांची हमी देतात. पेरोव्स्काइटला अजून तशी खात्री देता येत नाही.

हा प्रश्न सोडवण्यासाठी शास्त्रज्ञांचं लक्ष आता पेरोव्स्काइटपेक्षाही त्याच्या खाली आणि वर असलेल्या अतिशय पातळ थरांवर आहे. त्यातले काही थर तर एकाच रेणूच्या जाडीचे आहेत. हे थर नेमकं काय करतात आणि त्यांच्यावर एवढं का अवलंबून आहे, ते समजून घेऊ.

पेरोव्स्काइट म्हणजे काय?

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचं नाव. १८३९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझ यांना रशियातल्या उरल पर्वतात सापडलेल्या नमुन्यांमध्ये कॅल्शियम टायटनेट हे खनिज आढळलं. रशियन खनिज-संग्राहक लेव्ह पेरोव्स्की यांचं नाव त्याला देण्यात आलं. पुढे अशीच स्फटिकरचना असलेल्या सगळ्याच पदार्थांना पेरोव्स्काइट म्हटलं जाऊ लागलं.

सोलर सेलमध्ये वापरला जाणारा पेरोव्स्काइट मात्र खाणीतून येत नाही, तो प्रयोगशाळेत तयार करतात. त्यात साधारणपणे तीन घटक असतात. पहिला, मिथाइलअमोनियम, फॉर्मअमिडिनियम किंवा सीझियम यांसारखा धन आयन. दुसरा, शिसं किंवा कथिल. आणि तिसरा, आयोडीन किंवा ब्रोमीन.

या पदार्थाचं आकर्षण दोन गोष्टींमुळे आहे. एक म्हणजे तो प्रकाश फार चांगला शोषतो. सिलिकॉनची चकती साधारण १५० मायक्रॉन जाडीची असते, तर पेरोव्स्काइटचा अर्ध्या मायक्रॉनचा थरही पुरतो. दुसरं म्हणजे तो बनवायला सोपा आहे. सिलिकॉन वितळवायला १४०० अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापमान लागतं. पेरोव्स्काइटचे घटक द्रावणात विरघळवून शाईसारखे काचेवर पसरवता येतात आणि १०० ते १५० अंशांवर तापवले की स्फटिकांचा थर तयार होतो.

जपानमधल्या तोइन युनिव्हर्सिटी ऑफ योकोहामाचे त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पहिल्यांदा या पदार्थाचा सोलर सेलमध्ये वापर केला. पण त्या सेलमध्ये द्रवरूप इलेक्ट्रोलाइट होता आणि त्या द्रवातच पेरोव्स्काइट विरघळायचा. २०१२ साली दक्षिण कोरियातले नाम-ग्यू पार्क आणि ब्रिटनमधले हेन्री स्नेथ यांच्या गटांनी द्रवाच्या जागी घन थर वापरला आणि कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास नेली. म्हणजे पहिली मोठी उडीही पेरोव्स्काइटच्या शेजारचा थर बदलल्यामुळेच मिळाली होती.

सेलच्या आत नेमकं काय घडतं?

पेरोव्स्काइट सेल हा थरांचा डोसा आहे, असं समजा. सगळ्यांत खाली काच आणि तिच्यावर वीज वाहणारा पारदर्शक थर. त्याच्यावर एक वाहक थर. मध्ये पेरोव्स्काइट. त्यावर दुसरा वाहक थर आणि सगळ्यांत वर धातू.

प्रकाश पेरोव्स्काइटमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा उरते. या रिकाम्या जागेला 'होल' म्हणतात आणि ती धन भारासारखी वागते. वीज मिळवायची असेल, तर इलेक्ट्रॉन एका बाजूने आणि होल दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला हवेत. ते वाटेत पुन्हा एकमेकांना भेटले, तर त्यांची ऊर्जा वाया जाते.

दोन्ही बाजूंचे वाहक थर इथे कामाला येतात. एक थर इलेक्ट्रॉनला वाट देतो आणि होलला अडवतो. दुसरा थर नेमकं उलट करतो. गर्दीच्या बसमध्ये चढायचं आणि उतरायचं दार वेगळं असलं की माणसं एकमेकांवर आदळत नाहीत, तसाच हा प्रकार.

मग अडचण कुठे येते?

पेरोव्स्काइटच्या आतल्या भागात प्रत्येक अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावर मात्र ही रचना अचानक तुटते. तिथे काही शिशाच्या अणूंना जोडीदार मिळत नाही, काही आयोडीनच्या जागा रिकाम्या राहतात. अशा जागांना दोष म्हणतात. हे दोष खड्ड्यांसारखे काम करतात. इलेक्ट्रॉन त्यात अडकतो, तिथेच त्याला होल भेटतो आणि दोघांच्या ऊर्जेची वीज होण्याऐवजी उष्णता होते.

याचा सगळ्यांत मोठा फटका सेलच्या व्होल्टेजला बसतो. चांगल्या प्रतीच्या पेरोव्स्काइटच्या आतल्या भागात ही गळती बरीच कमी झाली आहे. आता जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं दोन थर जिथे एकमेकांना टेकतात तिथे, म्हणजे इंटरफेसवर होतं.

पावसाळ्यात घर गळायला लागलं, तर पाणी सहसा विटेतून येत नाही. ते येतं खिडकीच्या चौकटीपाशी किंवा स्लॅब आणि भिंत जिथे जुळतात तिथून. पेरोव्स्काइट सेलमध्येही सांधेच कच्चे असतात.

सेल खराब का होतो?

कार्यक्षमता कमी करणारे हेच सांधे सेलचं आयुष्यही कमी करतात. त्याची मुख्य कारणं अशी आहेत:

• ओलावा: पेरोव्स्काइट हा मिठासारखा आयनिक पदार्थ आहे. दमट हवेत त्याची रचना मोडते आणि काळपट थर पिवळा पडतो. हा पिवळा पदार्थ म्हणजे लेड आयोडाइड.

• आयनांची हालचाल: सेलवर प्रकाश आणि व्होल्टेज असताना आयोडीनचे आयन जागा सोडून सरकतात. पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागा त्यांना वाट करून देतात. हे आयन चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचले की सिल्व्हर आयोडाइड तयार होतं आणि इलेक्ट्रोड खराब होतो.

• उष्णता: मिथाइलअमोनियमसारखा सेंद्रिय घटक तापल्यावर वायुरूपात निघून जाऊ शकतो. शिवाय प्रत्येक थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. रोज तापून रोज थंड झाल्यामुळे सांध्यावर ताण येतो आणि थर सुटू शकतात.

• शेजारच्या थरांचे दुर्गुण: सुरुवातीला इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरलं जायचं. ते अतिनील किरणांमध्ये रासायनिक क्रिया घडवतं आणि आपल्या शेजारच्या पेरोव्स्काइटलाच पोखरतं. दुसऱ्या बाजूला वापरला जाणारा स्पायरो-ओमिटॅड हा पदार्थ पुरेसा वीजवाहक व्हावा म्हणून त्यात लिथियमचं क्षार मिसळतात. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतं.

थोडक्यात, ज्या थरांनी पेरोव्स्काइटला सांभाळायचं, तेच काही वेळा त्याचं नुकसान करतात.

पहिला उपाय: खालचा थर बदलणं

टायटॅनियम डायऑक्साइडचा थर नीट बसायला साधारण ४५० ते ५०० अंश तापमान लागतं. त्याला पर्याय म्हणून कथिलाचं ऑक्साइड, म्हणजे टिन ऑक्साइड पुढे आलं. २०१६ साली चीनच्या विज्ञान अकादमीतल्या जिंगबी यू यांच्या गटाने टिन ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर कमी तापमानावर तयार करून दाखवला. हा थर अतिनील किरणांत तेवढा त्रास देत नाही आणि त्यातून इलेक्ट्रॉनही वेगाने जातात. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी तोच मार्ग धरला.

२०२१ साली दक्षिण कोरियातल्या उल्सान इथल्या युनिस्ट संस्थेतल्या सांग इल सोक यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी टिन ऑक्साइड आणि पेरोव्स्काइट दोन्हींमध्ये क्लोरीनचा वापर केला. त्यामुळे दोघांच्या मधोमध एक असा थर आपोआप तयार झाला, ज्यातले अणू दोन्ही बाजूंच्या अणूंशी जुळतात. सांधा जवळपास उरलाच नाही आणि कार्यक्षमता २५.८ टक्क्यांवर गेली.

दुसरा उपाय: वरून पातळ कवच

पेरोव्स्काइटच्या वरच्या पृष्ठभागावरचे खड्डे बुजवण्यासाठी त्यावर विशिष्ट क्षारांचं द्रावण पसरवतात. याला पॅसिव्हेशन म्हणतात. भिंतीला रंग देण्याआधी भेगांमध्ये पुट्टी भरतात, तसंच हे काम. २०१९ साली जिंगबी यू यांच्याच गटाने फेनिथाइलअमोनियम आयोडाइड नावाच्या क्षाराने हे साधलं आणि २३.३२ टक्क्यांची प्रमाणित कार्यक्षमता मिळवली.

असे मोठे सेंद्रिय रेणू पेरोव्स्काइटशी संयोग पावले, तर पृष्ठभागावर 'द्विमितीय' पेरोव्स्काइटचा थर तयार होऊ शकतो. या रेणूंची शेपटी पाण्याला दूर ठेवते, त्यामुळे ओलावा आत शिरत नाही. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल संस्थेच्या गटाने द्विमितीय आणि त्रिमितीय पेरोव्स्काइट एकत्र वापरून १० सेंटीमीटर लांब-रुंद मॉड्यूल बनवलं. त्याची कार्यक्षमता ११.२ टक्केच होती, पण ते १० हजार तासांहून अधिक काळ टिकलं.

या उपायाला मर्यादाही आहे. द्विमितीय थर जाड झाला तर तो विजेलाच अडवतो. आणि सेंद्रिय रेणू उष्णतेत हळूहळू पेरोव्स्काइटमध्ये मिसळत जातात, म्हणजे कवचच विरघळतं. म्हणून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात लिन लू यांच्या गटाने सेंद्रिय घटक नसलेलं द्विमितीय कवच वापरून पाहिलं. सीझियम, शिसं, आयोडीन आणि क्लोरीन यांच्यापासून बनलेल्या या थरामुळे सेलची कार्यक्षमता १४.९ वरून १७.४ टक्के झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ११० अंश तापमानात सतत प्रकाशाखाली ठेवूनही या सेलची कार्यक्षमता २० टक्क्यांनी घटायला २१०० तासांपेक्षा जास्त वेळ लागला. त्यावरून ३५ अंशांवर हा सेल सलग सुमारे ५१ हजार तास, म्हणजे पाच वर्षांहून अधिक चालेल, असा अंदाज त्यांनी २०२२ साली मांडला.

२०२३ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने एकाऐवजी दोन रेणूंना काम वाटून दिलं. गंधक असलेला एक रेणू पृष्ठभागावरचे दोष बुजवतो. दुसरा रेणू पृष्ठभागाजवळचं विद्युतक्षेत्र असं बदलतो, की नको असलेले भार सांध्यापाशी फिरकतच नाहीत. या सेलची प्रमाणित कार्यक्षमता २५.१ टक्के होती आणि ६५ अंश तापमानात तो दोन हजार तासांहून अधिक चालला.

तिसरा उपाय: एका रेणूच्या जाडीचा थर

आता सगळ्यांत जास्त चर्चा आहे ती 'सेल्फ-असेंबल्ड मोनोलेअर', म्हणजे आपोआप रचल्या जाणाऱ्या एकेरी थराची. जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ-झेंट्रुम बर्लिन आणि लिथुआनियातल्या काउनास तंत्रज्ञान विद्यापीठाने मिळून असे रेणू विकसित केले.

यातल्या प्रत्येक रेणूचे तीन भाग असतात. खालचा भाग म्हणजे नांगर, तो काचेवरच्या ऑक्साइड थराला घट्ट धरतो. मधला भाग दोन टोकांना जोडतो. वरचा भाग पेरोव्स्काइटला टेकतो आणि होल उचलून खाली देतो. काच द्रावणात बुडवली की हे रेणू शेतातल्या भाताच्या रोपांसारखे शेजारी शेजारी उभे राहतात. थराची जाडी एक ते दोन नॅनोमीटर. त्यामुळे पदार्थ अगदी कमी लागतो आणि प्रकाशही वाया जात नाही.

याच तंत्राच्या मदतीने बर्लिनच्या गटाने पेरोव्स्काइट आणि सिलिकॉनचा जोडसेल तयार केला. त्याची कार्यक्षमता होती २९.१५ टक्के. त्याचा शोधनिबंध डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

पण इथेही सगळं सुरळीत नाही. रेणूंचे पुंजके झाले, तर मध्ये उघड्या जागा राहतात आणि तिथून गळती होते. पेरोव्स्काइटची शाई ओतताना तिच्यातल्या द्रावकामुळे काही रेणू सुटून जातात. म्हणून वेगवेगळे रेणू मिसळणं, नांगर आणखी पक्का करणं आणि खाली निकेल ऑक्साइडचा आधार देणं असे उपाय सध्या केले जात आहेत.

चौथा उपाय: झाकण

धातूचा इलेक्ट्रोड आणि बाकीचे थर यांच्यामध्येही एक पहारेकरी लागतो. त्यासाठी टिन ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर अणूंचा एकेक पदर चढवत तयार करतात. इतका सलग थर बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, आतला आयोडीन बाहेर जाऊ देत नाही आणि इलेक्ट्रोड चढवताना होणाऱ्या आघातापासून खालच्या नाजूक थरांना वाचवतो.

टिकाऊपणा मोजतात कसा?

इथे आकड्यांकडे जरा नीट पाहायला हवं. 'सेल एक हजार तास टिकला' हे ऐकायला मोठं वाटतं, पण एक हजार तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. त्यामुळे तास किती यापेक्षा ते कोणत्या परिस्थितीत मोजले, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

सोलर पॅनलसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत एक कठोर चाचणी आहे. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत पॅनल एक हजार तास ठेवायचं. दुसऱ्या एका चाचणीत ते उणे ४० ते ८५ अंशांदरम्यान २०० वेळा थंड-गरम करतात. सिलिकॉनचे पॅनल या चाचण्या पार करतात.

पेरोव्स्काइटच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. दिवसभर सरकलेले आयन रात्री अंधारात काही प्रमाणात जागेवर परततात. त्यामुळे सतत प्रकाशात केलेली चाचणी आणि दिवस-रात्रीच्या चक्रातली चाचणी यांचे निकाल वेगळे येऊ शकतात. २०२० साली या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन चाचण्यांचे सामाईक नियम ठरवले. त्यात दिवस-रात्रीचं चक्र, उष्णता आणि उघड्यावरच्या चाचण्या यांचा समावेश आहे.

आकाराचाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेतले विक्रमी सेल बहुतेक वेळा नखाएवढे किंवा त्याहून लहान असतात. एवढ्या जागेत दोन नॅनोमीटरचा थर सारखा पसरवणं आणि दारापेक्षा मोठ्या पॅनलवर तो सारखा पसरवणं, यात फार अंतर आहे.

हे बाजारात कधी येणार?

पेरोव्स्काइट एकटा येण्याऐवजी सिलिकॉनच्या जोडीने येण्याची शक्यता जास्त आहे. सिलिकॉनच्या एकट्या सेलला सैद्धांतिकदृष्ट्या साधारण २९.४ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. पण वर पेरोव्स्काइट आणि खाली सिलिकॉन ठेवलं, तर वरचा थर निळ्या-हिरव्या प्रकाशाचा आणि खालचा थर तांबड्या-अवरक्त प्रकाशाचा उपयोग करतो. याला टँडेम सेल म्हणतात. चीनमधल्या लाँगी कंपनीने २०२५ साली अशा सेलमध्ये ३४.८५ टक्क्यांचा विक्रम नोंदवला. ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये असे पॅनल अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवले. त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के आहे. विक्रमी सेल आणि विक्रीचं पॅनल यांच्यातली ही तफावत वरचाच मुद्दा अधोरेखित करते.

भारतात या संशोधनाचं एक महत्त्वाचं केंद्र मुंबईत आहे. आयआयटी मुंबईत २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन आणि शिक्षण केंद्रात दिनेश काब्रा यांचा गट पेरोव्स्काइट-सिलिकॉन टँडेम सेलवर काम करतो. त्यांच्या रचनेत दोन्ही सेलना स्वतंत्र जोडण्या असतात, त्यामुळे एक सेल कमजोर झाला तरी दुसऱ्याची वीज अडत नाही.

भारतासाठी टिकाऊपणाचा प्रश्न अधिक कठीण आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात गच्चीवरचं पॅनल ६० अंशांच्या वर तापतं, तर कोकणात चार महिने हवा ओलीचिंब असते. युरोपातल्या हवेत टिकलेला सांधा इथे टिकेलच असं नाही. त्यामुळे इथल्या हवेतल्या चाचण्यांना पर्याय नाही.

शिशाचं काय?

चांगल्या कार्यक्षमतेच्या जवळपास सगळ्या पेरोव्स्काइट सेलमध्ये शिसं असतं आणि ते पाण्यात विरघळू शकतं. गारपिटीत पॅनल फुटलं, तर ते जमिनीत जाण्याची भीती आहे. यावरही थरांमधूनच उत्तर शोधलं जातंय. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सेलच्या दोन्ही बाजूंना शिसं शोषणारे थर लावले. सेल मुद्दाम मोडला, तरी या थरांनी गळणाऱ्या शिशापैकी ९६ टक्क्यांहून अधिक शिसं धरून ठेवलं.

थोडक्यात

पेरोव्स्काइट भरपूर वीज देऊ शकतो, हे आता सिद्ध झालं आहे. ती वीज तो किती वर्षं देईल, हे त्याच्या दोन्ही बाजूंच्या थरांवर ठरेल. चांगली गोष्ट अशी, की सांध्यावरचा एकच दोष कार्यक्षमताही कमी करतो आणि आयुष्यही. म्हणून तो बुजवला की दोन्हींचा फायदा होतो.

यापुढे 'सोलर सेलचा नवा विक्रम' अशी बातमी दिसली, तर टक्केवारीच्या शेजारी तीन गोष्टी शोधा. सेल केवढा होता, किती तापमानात आणि किती आर्द्रतेत तपासला, आणि किती तासांनी त्याची कार्यक्षमता २० टक्क्यांनी घटली. तुमच्या गच्चीवर तो कधी पोहोचेल, याचा अंदाज या तीन आकड्यांवरून जास्त चांगला येतो.